तेवीसमधले अठरा मणी गेले कुठे?

आलेलं पत्र, थोडं कापून:

"मी शाळेत शिकवते. यावर्षी चौथी-पाचवीतली सात मुलं माझ्याकडे जादा तासाला दिलीत, गणितात कच्ची म्हणून. एकक-दशक-शतक तोंडपाठ आहे, तक्त्यात आकडेही बरोबर भरतात. पण एकशे पाच लिही म्हटलं की १००५. ५२ वजा २७ चं उत्तर ३५. ३८ अधिक २५ म्हणजे ५१३. रोज वीस-वीस गणितं देते तरी काल जमलेलं आज विसरलेले असतात. एक मुलगी मात्र उभी मांडणी करून दिली की सगळं बरोबर सोडवते, पण शाब्दिक उदाहरण आलं की तिचा पहिला प्रश्न, 'बाई, बेरीज करू की वजाबाकी?' परत पहिलीपासून सुरू करू का? पण मुलांना लाज वाटते. मीच कुठेतरी कमी पडतेय असं वाटायला लागलंय.
– वैतागलेल्या बाई
ता. क. पालक विचारतात मोबाईलवर गणिताचं अ‍ॅप घेऊन देऊ का. काय सांगू?"

वैतागलेल्या बाई,

ते ५१३ वाचून मला हसूच आलं, तुमच्यावर नाही हो, त्या ५१३ वर, कारण हे उत्तर मी इतक्या वह्यांमध्ये इतक्या वेळा लाल पेनाने खोडलंय की आता ते जुन्या ओळखीचं वाटतं. आठ आणि पाच तेरा, लिहिले तेरा, तीन आणि दोन पाच, लिहिले पाच, झालं. आता यात बेरीज कुठे चुकलीये सांगा बघू? आठ आणि पाच तेराच होतात. पोराला बेरीज येते. अडलंय ते भलतीकडेच, आणि आपण मात्र त्याला आणखी वीस बेरजा देऊन बसतो.

म्हणून पहिलं उत्तर असं की ती रोजची वीस गणितं निदान महिनाभर बंद करा. तुम्हाला हे पटणार नाही, मुख्याध्यापकांना तर अजिबातच नाही, पण चुकीची रीत रोज वीस वेळा गिरवली की पक्की होते, अजून काय होणार. आणि काल जमलं आज विसरला असं आपण म्हणतो खरं, पण काल तरी जमलं होतं का? काल तुम्ही शेजारी उभ्या होतात, फळ्यावर तस्संच एक गणित सोडवलेलं होतं, त्याने ते बघत बघत आकडे खाली उतरवले आणि उत्तर आलं. आज फळा पुसलाय.

त्यापेक्षा उद्या तासाला एक करा. एकेका मुलाला बाजूला घ्या, सगळ्यांसमोर नको, आणि समोर मणी, बटणं, खडे जे मिळेल ते ओता. म्हणा, तेवीस मोजून दे. देईल, त्यात काही अडचण येणार नाही. मग कागदावर तेवीस लिहायला सांगा, तेही लिहील. मग त्यातल्या ३ भोवती पेनाने गोल करा आणि विचारा, हा एवढा भाग आहे ना, तेवढे मणी मला दाखव. तीन मणी सरकवेल. मग २ भोवती गोल करा, आता हे दाखव.

इथे काही बोलू नका, फक्त त्याच्या हाताकडे बघा. बरीचशी मुलं दोन मणी सरकवतात. शांतपणे, पूर्ण खात्रीने, दोन. मग उरलेल्या ढिगाकडे बोट करून विचारायचं, अरे मग हे अठरा राहिले की, हे कुठे गेले तुझ्या तेवीसमध्ये? मूल ढिगाकडे बघतं, कागदाकडे बघतं, मग आपल्या तोंडाकडे बघतं, तिथे काही उत्तर लिहिलंय का म्हणून. एका मुलीने मला सांगितलं होतं, "ते असेच आहेत, बाई." असेच! आणि दर्शनी किंमत, स्थानिक किंमत या दोन्हींच्या व्याख्या तिच्या वहीत सुंदर अक्षरात होत्या, खाली पट्टीने मारलेली दुहेरी रेघ.

ज्याने दोन मणी सरकवले त्याच्यासाठी २३ म्हणजे एक दोन आणि एक तीन, शेजारी शेजारी उभे, बाकी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्याच्या नजरेने बघितलं तर ५१३ बरोबरच आहे. १००५ पण बरोबर आहे, बाई शंभर म्हणाल्या शंभर लिहिले, पाच म्हणाल्या पाच लिहिले. आणि ५२ वजा २७ ला ३५ हे तर डोकं लावून काढलेलं उत्तर आहे, दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढूया, पाच! 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे वाक्य दुसरीत आपणच त्याच्या हातात दिलेलं असतं. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघा संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुका कॉम्प्युटर प्रोग्रॅममधल्या बगसारख्या तपासल्या होत्या, आणि त्यात ही अगदी हीच चूक आहे, वर कोण खाली कोण न बघता प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचं. त्यांना दिसलं ते असं की मूल वाटेल तसं चुकत नाही, ते एक नियम इमानदारीत पाळत असतं, नियमच बिघडलेला असतो. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं, तोवर 'लक्ष कुठे असतं तुझं' हे मी किती पोरांना ऐकवलं असेल देव जाणे. लक्ष तिथेच असायचं बिचाऱ्यांचं.

त्यामुळे वही तपासताना नुसती फुली मारू नका, 'कसं केलंस सांग' एवढंच विचारा, आणि बरोबर उत्तरालाही विचारा, नाहीतर मुलांना चार दिवसांत कळतं की बाईंनी 'कसं केलंस' विचारलं म्हणजे चुकलंय, की लगेच खोडरबर बाहेर.

आता मराठीतला एक खास त्रास, जो त्या गणिताच्या ट्रिक सांगणाऱ्या व्हिडिओंमध्ये कधी येत नाही. आपण सत्तावीस म्हणतो, म्हणजे कानावर आधी सात येतात मग वीस, आणि लिहायचं मात्र आधी २ मग ७. मूल ऐकलं तसं लिहितं, ७२. (जर्मन मुलांच्या नशिबीही हेच, त्यांच्याकडेही सात-आणि-वीस असंच म्हणतात. चिनी मुलं सुखात, त्यांचा सत्तावीस म्हणजे सरळ 'दोन दहा सात'.) त्यात ३६ आणि ६३. छत्तीसचा आकडा म्हणजे एकमेकांकडे पाठ केलेले आणि ६३ म्हणजे तोंडाला तोंड, हे आपल्याला पाठ आहे, पण ऐन लिहिताना कोणाची पाठ कुठे होती ते दहा वर्षांच्या पोराला आठवायचं कसं? आणि सगळ्यावर कडी म्हणजे एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ. साठ ऐकू आलं की पोरगं ६ लिहून मोकळं, पुढे ९ आहे हे माहीत असतं, झाले ६९. 'एकोण' म्हणजे एक उणा, साठाला एक कमी, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, आपल्याला तरी कोणी सांगितलं होतं? एक दिवस हे सगळं कुटुंब फळ्यावर ओळीने लावा, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत, आणि मग नव्व्याण्णवच्या जागी एकोणशंभर का नाही यावर मुलांनाच वाद घालू द्या. माझ्याकडे यावरून चांगली दहा मिनिटं भांडण चाललं होतं आणि ज्या मुलाचा आवाज मी तोपर्यंत धड ऐकला नव्हता तो मागून म्हणाला, "मग आपण एकोणशंभरच म्हणूया ना, कोण विचारतंय." पुढे आम्ही खरंच बरेच दिवस म्हणत होतो.

तात्पर्य वगैरे नाही, करायचं एवढंच की काही दिवस प्रत्येक संख्येला दोन नावांनी हाक मारायची. सत्तावीस, दोन दशक सात. त्रेसष्ट, सहा दशक तीन. नेहमीचं नाव काढून टाकू नका, जगात तेच चालतं, पण दुसरं नाव सोबत ठेवा.

आता मूळ काम, काड्या आणि रबर बँड. हो हो, पहिलीचं सामान, लाजेचं काय करायचं ते पुढे सांगते. आधी माझी चूक ऐका म्हणजे तुम्ही तीच करणार नाही.

मी जुड्या घरून करून न्यायचे. रात्री बसून दहा-दहा काड्यांच्या चाळीस जुड्या, सगळ्या एकसारख्या, फार अभिमान होता मला त्यांचा. एक मुलगा होता, त्याला चौतीस काड्या दे म्हटलं की तो जुडी उचलायचा, रबर काढायचा, दहा काड्या मोजायचा, परत रबर लावून बाजूला ठेवायचा, मग दुसरी जुडी, तिचंही तसंच, मग तिसरी. मला भयंकर राग यायचा, वेळ जायचा, रबर तुटायचे, बाकीची मुलं खोळंबायची. एक दिवस "अरे दहाच आहेत त्यात, सोडू नकोस सारखी" म्हणून मी त्याच्या हातातून जुडी काढूनच घेतली. त्या दिवसापासून त्याने सोडायचं बंद केलं, पटापट तीन जुड्या चार सुट्या काढून द्यायला लागला, मी खूश. दोनेक आठवड्यांनी गंमत म्हणून एका जुडीत मुद्दाम नऊच काड्या बांधल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. यात किती रे? "दहा." मोजून बघायच्यात का? तर मान हलवली, "जुडी म्हणजे दहाच, बाई." माझं वाक्य मलाच परत मिळालं. त्याचं मोजून व्हायचं होतं, मी अर्ध्यात थांबवलं होतं.

तेव्हापासून जुड्या मुलंच बांधतात, आणि कोणाला पाचव्यांदा सोडून मोजाविशी वाटली तर मोजू देते. कारण मुद्दाच तो आहे, तीच वस्तू एकही आहे आणि दहाही आहे, एकाच वेळी, आणि कधी तिला एक म्हणायचं कधी दहा हे आपल्या सोयीने ठरवता येतं. हे आपल्याला सोपं वाटतं कारण आपण ते कधी शिकलो तेच आठवत नाही. पण माणसांना हे सगळं बसवायलाच किती काळ लागला बघा, बाबिलोनवाल्यांकडे साठ-साठच्या पटीत चालणारी स्थानिक किंमत होती, पण रिकाम्या घरासाठी खूण करायला लागायलाच त्यांना शेकडो वर्षं लागली, ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम मांडले ते इ. स. ६२८ मध्ये, आणि युरोपातल्या लोकांना हे दहा अंक समजावून सांगायला फिबोनाची या इटालियन गणितज्ञाने १२०२ साली जाडजूड पुस्तक लिहिलं. आपल्या वेळापत्रकात याला तीन तासिका असतात.

खेळ एकच पुरतो. दोन मुलं, एक फासा, मधे काड्यांचा ढीग. जेवढं पडेल तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की जुडी बांधायची, दहा जुड्या झाल्या की त्यांचा एक मोठा गठ्ठा, आधी गठ्ठा होईल तो जिंकला. दर खेळीनंतर किती झाले ते लिहायचं. एवढं बहुतेक जण करतात आणि इथेच थांबतात. खरी मजा उलट खेळात आहे बरं का. दोघांच्या हातात शंभराचा एकेक गठ्ठा द्या आणि आता जेवढं पडेल तेवढं ढिगात परत टाकायचं, आधी हात रिकामा होईल तो जिंकला. पहिल्याच फाशाला पाच पडतात. हातात तर एकच गठ्ठा, पाच सुट्या काढायच्या कुठून? मूल गठ्ठा उलटासुलटा करून बघतं, मग मोठं रबर काढतं, दहा जुड्या सांडतात, अजूनही सुटी काडी एकही नाही, मग त्यातली एक जुडी सोडतं. बाई, ही १०० वजा ५ ची वजाबाकी झाली, मधल्या शून्यांसकट, आणि तुम्ही 'उसना' हा शब्द उच्चारला पण नाही.

तो शब्द टाळाच शक्यतो. यात कोणी कोणाकडून उसनं घेत नाही, आपलाच एक दशक आपण सुटा करतो. 'दशक सुटा केला' म्हणा, 'दहा सुट्यांचा दशक बांधला' म्हणा. 'हातचा' राहू दे, तो शब्द घरोघरी आहे, फक्त तो हातचा एक म्हणजे एक जुडी हे मुलाने बोटाने दाखवता आलं पाहिजे.

मग वहीकडे जायचं, पण काड्या कपाटात ठेवून नाही, इथेच बऱ्याच जणांची गाडी घसरते, आठवडाभर काड्या, मग एकदम वही, आणि मुलाच्या डोक्यात हे दोन वेगळे विषय राहतात. दोघांची जोडी करा, एकाच्या हातात काड्या एकाच्या हातात पेन्सिल, आणि पेन्सिलवाल्याने फक्त काड्यांचं जे होईल तेच लिहायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. ५२ वजा २७ घ्या. पाच जुड्या दोन सुट्या. सत्तावीस द्यायचेत. बघाल तुम्ही, बरीच मुलं आधी दोन जुड्या देऊन टाकतात आणि मग सात सुट्यांकडे वळतात, म्हणजे डावीकडून सुरुवात. देऊ दे. उरल्या तीन जुड्या दोन सुट्या, एक जुडी सोडली, बारा सुट्या झाल्या, सात दिल्या, पाच राहिल्या. दोन जुड्या पाच सुट्या, पंचवीस. उजवीकडूनच सुरू करायचं ही कागदावरची सोय आहे, ती कशाला ते त्यांना चारदा खाडाखोड करावी लागली की आपोआप कळतं.

१००५ साठी वेगळं औषध. जाड कागदाच्या पट्ट्या कापा, १ ते ९ च्या एक घर रुंद, १० ते ९० च्या दोन घरं, १०० ते ९०० च्या तीन घरं रुंद. एकशे पाच म्हणजे १०० ची पट्टी घे, ५ ची पट्टी घे, आणि पाचची पट्टी शंभराच्या शेवटच्या शून्यावर ठेव, उजव्या कडा जुळवून. दिसतं १०५. आता पाच उचल, खाली शून्य आहेच. परत ठेव, परत उचल. तीनशे चाळीस आणि सात हे असंच एकावर एक चढवून ३४७. आपण शून्य पुसत नाही, ते खाली दबलेलं असतं, ही एवढीशी गोष्ट बघून एक मुलगा मला म्हणाला होता "म्हणजे ते लपलंय", आणि मग प्रत्येक संख्येत किती शून्यं लपलीत ते शोधायचा नाद लागला सगळ्यांना. विस्तारित रूप शिकवायला मला वेगळा तास घ्यावा लागला नाही.

खेळातल्या दहाच्या आणि एकच्या नोटा पण लोक देतात, वाईट नाही, पण काड्यांनंतर द्या. दहाची नोट एकच्या नोटेच्या दहापट मोठी नसते ना, तिच्यात दहा आहेत हे नुसतं मानायचं असतं, ती सोडून मोजता येत नाही.

वजाबाकीला एक आडवाट पण दाखवून ठेवा. कागदावर एक आडवी रेघ, डाव्या टोकाला २७, उजव्या टोकाला ५२, आता सत्तावीसवरून बावन्नला कसा जाशील? आधी तीनची उडी, तीस. मग वीस, पन्नास. मग दोन. तीन आणि वीस आणि दोन, पंचवीस. ४०२ वजा १६८ सारखं मधे शून्य असलेलं गणित, ज्यात भलेभले ३६६ काढून येतात, ते असं बघा: १६८ वरून दोन, १७०, मग तीस, २००, मग दोनशे, ४००, मग दोन. २३४. काही सुटं करायची भानगडच नाही. आता परीक्षेत उभीच मांडणी मागतात तर हे कशाला असं कोणी म्हणेल, तर मुलाला स्वतःचं उत्तर स्वतः पडताळता येतं याच्यासाठी, ३६६ आलं आणि इकडे २३४ आलं की तो स्वतःच डोकं खाजवतो, तुमच्याकडे येत नाही.

या उड्या मारायला एक गोष्ट मात्र हाताशी लागते, दहाच्या जोड्या. आठाचा जोडीदार दोन, सातचा तीन, सहाचा चार. या पाच-सहा जोड्या पक्क्या असल्या की आठ अधिक पाच म्हणजे आठला दोन देऊन दहा आणि वर तीन. तुमची मुलं अजून एक-दोन-तीन करत आठपर्यंत मोजून मग पुढचे पाच मोजत असतील तर तिथे आधी थांबा. बोटांवर मोजलं तर ओरडू नका, बाकाखाली लपवून मोजतील, बाकी काही फरक पडणार नाही. आणि घड्याळ लावून पाढे-बेरजा घ्यायचं या मुलांबाबत तरी सोडा, त्याने वेग येत नाही, पोटात दुखायला लागतं. पाढ्यांबद्दल लिहीत बसले तर दुसरं पत्र होईल.

आता लाजेचं. पाचवीतल्या मुलाच्या हातात काड्या दिल्या आणि खिडकीतून त्याच्या वर्गातलं कोणी बघितलं तर त्याचा दिवस खराब, हे खरंच आहे, याला 'त्यात काय लाजायचं' हे उत्तर नाही. मी दोन गोष्टी केल्या. एक, मुलांना सांगितलं की पहिलीच्या वर्गासाठी साहित्य बनवायचंय, शंभर जुड्या आणि दहा गठ्ठे, आणि बनवलेलं चालतंय का ते आधी तुम्ही खेळून तपासायचं. ते खोटं नव्हतं, आम्ही खरंच नेऊन दिलं. दुसरं, चुका पकडायचा खेळ. सोडवलेली चुकीची गणितं फळ्यावर लिहायची, त्यांच्या वहीतली नाही, आपण तयार केलेली, आणि विचारायचं की हे ज्याने सोडवलंय त्याने काय विचार केला असेल? नुसतं 'चूक आहे' म्हणणाऱ्याला मार्क नाहीत. ७३ वजा ४८, उत्तर ३५, सांगा हा कसा पोचला इथे. पोरं अशी काही पोलिसांसारखी मागे लागतात! आणि मग एखादा हळूच म्हणतो, "बाई, मी पण असंच करतो." तिथे काही बोलू नका, पुढच्या गणितावर जा.

पहिलीपासून सुरू करू का असं विचारलंत. पहिलीचं पुस्तक पान एकपासून नको, त्यात त्यांना येणारं पण बरंच असेल. मण्यांच्या चाचणीत जिथे अडला तिथून, बास. आणि रोज पंधरा-वीस मिनिटं, आठवड्याचा एक लांबलचक तास नको.

तुमच्या त्या मुलीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटतेय, कारण तिच्या वहीत सगळं बरोबर येतं त्यामुळे कोणी तिच्याकडे बघणार नाही. 'बेरीज करू की वजाबाकी' या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, एकदाही. आणि 'एकूण दिसलं की बेरीज, उरले दिसलं की वजाबाकी' हा मंत्र तिला कोणी दिला असेल तर तो काढून घ्या. "माझ्याकडे काही गोट्या होत्या, आठ दिल्या, पंधरा उरल्या, आधी किती होत्या?" यात 'उरल्या' आहे आणि करायची बेरीज. तिला शब्दातली खूण शोधायची सवय लागलीये, गोष्ट बघायचीच राहिलीये. तर आकडेच काढून टाका. "माझ्याकडे काही गोट्या होत्या, थोड्या दिल्या, थोड्या उरल्या." काय झालं सांग बघू? आधी जास्त होत्या की आता? चित्र काढ. आकडे मागाहून द्यायचे. आणि उलटं पण करा, ५२ – २७ लिहून द्या आणि म्हणा याची गोष्ट तू बनव. ती देण्याघेण्याची बनवेल, बावन्न होत्या सत्तावीस दिल्या. छान, आता अशी बनव ज्यात कोणी कोणाला काही देत नाही. अडेल. अडू दे दोन दिवस. तू बावन्न पानं वाचलीस मी सत्तावीस, तू किती जास्त वाचलीस, ही गोष्ट तिची तिला सापडली तर तिला समजलं असं धरून चालायला हरकत नाही.

एखादं मूल मात्र असंही निघू शकतं की दोन-तीन महिने हे सगळं मनापासून करूनही पाच मणी आणि आठ मणी यातले जास्त कुठले हेही त्याला दरवेळी मोजूनच सांगावं लागतं, दहाच्या जोड्या रोज नव्या. मग आधी डोळे-कान तपासून घ्यायला सांगा, आणि डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या समजायलाच मुळात अडचण येणं, आहे का हे बघणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा. हे पालकांशी बोलताना 'कच्चा' हा शब्द वापरू नका एवढंच.

तुम्ही कमी पडताय का? मला नाही वाटत. तुम्ही सातही मुलांच्या चुका आकड्यांसकट लिहून पाठवल्यात. मी तुमच्याएवढी होते तेव्हा 'मुलांना वजाबाकी येत नाही' एवढंच लिहिलं असतं.

ता. क. चं उत्तर: अ‍ॅपला माझा विरोध नाही पण पैसे घालवू नका म्हणावं. बहुतेक अ‍ॅप विचारतात ५२ वजा २७ किती, ३५ लिहिलं की लाल होतं, मग मूल ३४ टाकून बघतं, मग २५, हिरवं झालं, चांदण्या पडल्या. का लाल झालं ते कोणी विचारलं नाही. त्यापेक्षा घरी रोज कसला तरी मोठा ढीग मोजायला द्या, बटणं असोत, पुस्तकाची पानं असोत, आणि सांगा, मधेच कोणीतरी हाक मारेल तरी मोजणी चुकता कामा नये अशी मोज. दोन-तीनदा हाक मारून मोजणी बिघडवा खुशाल. दहा-दहाचे ढीग करायचं कोणी सांगावं लागत नाही मग.

आणि सातांपैकी किती जणांनी दोन मणी सरकवले ते मला नक्की कळवा, माझा अंदाज पाच. चाचणी घेताना ती सगळं बरोबर सोडवणारी मुलगी वगळू नका हं, तिलाही बसवा मण्यांपुढे.